खोडलेल्या ऑर्डरी

सोमवार
आलो एकदाचा! खोली ऐसपैस, उजेड उत्तम, टेबल न डुगडुगणारं. मालकीणबाईंचे यजमान गेले, त्यांचा रेल्वेच्या वेळापत्रकांचा नि मेनूकार्डांचा संग्रह लावून द्यायला मला बोलावलंय. मोबदला म्हणून त्यातलं मला हवं ते एक कार्ड. कुठल्या कॉलेजची पायरी न चढता मी नुसत्या कागदाच्या वासावरून रेल्वेच्या वेळापत्रकाचं दशक सांगतो. हे काम दुसऱ्या कुणाला झेपणारही नाही.

यजमान मात्र अगदीच हौशी गडी. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकं एकाच खोक्यात कोंबलेली! टाचण्या गंजलेल्या. एका मुखपृष्ठावर कपाचा गोल डाग. अशा माणसाला काड्यापेट्यासुद्धा जमवू देऊ नयेत.

मंगळवार
डायनिंग कारची मेनूकार्डं काढली आणि भिंग पुढे ओढलं. दरीत कोसळलेल्या त्या गाडीची, त्याच दिवसाची कार्डं! कुणाकडेच नाहीत असं सगळे संग्राहक छातीठोकपणे सांगतात. इथे एका टेबलाची चारही आहेत. त्यातलंच एक माझं.

पण पेन्सिलीने बरबटलेली. त्या काळी प्रवासी कार्डावरच ऑर्डर लिहीत आणि वेटर ती स्वयंपाक्याकडे नेई. बाई म्हणाल्या, दादा, तेवढ्या पेन्सिलीला हात लावू नका हं, ह्यांनी कधी लावला नाही. ह्यांनी! आणि दादा कुणाला म्हणतात? वयाने मोठ्या आहेत माझ्यापेक्षा.

बुधवार
चारही कार्डं साफ केली. मऊ खोडरबर, कडेकडून आत, एकाच दिशेने. खोडल्याचा मागमूस राहत नाही, ही माझी ख्याती आहे. काय लिहिलं होतं ते वाचलंही नाही. परक्यांच्या खाण्याच्या आवडीनिवडी वाचत कोण बसणार?

बाई कॉफी घेऊन आल्या आणि कार्डं उलटसुलट करून बघितली. म्हणाल्या, अहो, त्या चौघा प्रवाशांनी जेवण मागवलं आणि ते यायच्या आत गाडी दरीत गेली. ऑर्डर लिहिलेली होती तोवर बिचारे गप वाट बघत होते. आता नव्याने काय मागतील, देव जाणे.

मी म्हणालो, कॉफीत साखर कमी आहे.

गुरुवार
पहिल्या कार्डावर पेन्सिलीचं अक्षर, तिरकं, गिचमिड. ‘अंगठा. डावा.’ बाईंचा विनोद तो, अगदी सुमार. खोडायला गेलो तर निघेना. पेन्सिल हलकी असणार. दुपारपासून डावा अंगठा बधिर आहे. काम जास्त झालं, दुसरं काय.

शुक्रवार
अंगठा नाही. रक्त नाही, जखम नाही. कातडी गुळगुळीत, जणू तिथे कधी काही नव्हतंच. काम सफाईचं आहे, हे मान्य करावं लागेल.

दुसऱ्या कार्डावर ‘कान. दोन्ही.’ जेवणाच्या वेळेपासून काही ऐकू येत नाही. बाईंनी पाटीवर लिहून दाखवलं – आधीची ऑर्डर होती तशीच परत लिहा, त्यांचं समाधान होईल. मी विचारलं, काय होती? त्यांनी लिहिलं – ह्यांना तोंडपाठ होती, मी कधी वाचली नाही. तुम्हीच खोडलीत ना, दादा?

त्या हौशी गड्याला तोंडपाठ!

शनिवार
सूप लिहिलं. अक्षरं कागदात विरली. मासे – विरले. पुडिंग – तेही. भिंगाखाली, तिरप्या उजेडात कागद पाहिला. दाबाची रेघसुद्धा शिल्लक नाही. माझ्याइतकं स्वच्छ कुणीच खोडत नाही – कुणीच –

तिसऱ्यावर उमटलं, ‘पाय’. दाराकडे धावलो. उंबऱ्यापर्यंत पोचलो. बाईंनी ओढत खुर्चीत आणून बसवलं. रडत होत्या.

रविवार
चौथं अजून कोरं. भाजलेलं मटण लिहिलं – विरलं. ऑम्लेट – विरलं. उकडलेले बटाटे –

विरायला वेळ लागतोय. बटाटेच असतील. असल्या लोकांची झेप ती केवढी – जमलं तर हे कार्ड माझं, बाईंनी कबूल केलंय –

नाही. गेले बटाटे. खाली काहीतरी उमटतंय. तेच गलिच्छ अक्षर. ओळ तरी सरळ लिहावी माणसाने –

‘उजवा हा