दादाच्या ताटातला पहिला घास

आई, तुझ्या लाडोबाबद्दल लिहितेय. माझ्याबद्दल लिहिलं असतं तर तू अर्ध्यातच गॅस बंद करायला उठली असतीस.

मी नववीत होते तेव्हा दादाला कॉलेज सोडवून घरी आणलं. जेवणात कुणीतरी विष कालवतंय, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, पण हा जेवायलाच तयार नाही. मग तू त्याच्या ताटातला पहिला घास स्वतः खायला लागलीस. भात, आमटी, भाजी, सगळ्यातलं थोडं थोडं. वर हसून म्हणायचीस, "बघ, मला काही झालं का?" की मग तो जेवायचा. रोज, दोन्ही वेळा, तू जाईपर्यंत. आणि समोर बसून माझ्या पोटात दुखायचं. अगं, तो आजारी आहे हे कळत होतं मला, तरी दुखायचं. एकदा मी माझं ताट तुझ्यापुढे सरकवलं, "माझ्यातलाही खा ना." तू फटकारलंस, "तुला काय धाड भरलीय? धडधाकट आहेस, जेव मुकाट्याने." मी जेवले.

तुझ्यामागे बाबांनी त्याला सांभाळलं. तेही गेले. त्यांचे दिवस करून मी दादाला इकडे परदेशात, स्कोफिल्ड्सला माझ्या घरी घेऊन आले, तिकडे काही सोय लागेपर्यंत म्हणून. आणि कोविडची साथ आली, विमानंच बंद झाली! आता घरात आम्ही तिघं. माझ्या एज्ड केअरमधल्या, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमातल्या शिफ्ट, लेकीची शाळा लॅपटॉपवर आणि दादा खिडकीशी. इथल्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, त्याच गोळ्या चालू ठेवल्यात, पण रस्त्यावर सगळे मास्कवाले बघून त्याचा जुना संशय उसळला. ताट ठेवलं की माझ्याकडे बघत बसतो. मग मी पहिला घास खाते आणि म्हणते, "बघ, मला काही झालं का?" मेला सूरही तुझाच लागतो. तर साहेब म्हणतात, "आईचा घास मोठा असायचा." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! त्यात लेक म्हणाली, "ममा, यू नेव्हर टेस्ट माइन." तुझं ते धडधाकटवालं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं, आणि तिच्या ताटातली बटाट्याची फोड उचलून खाल्ली.

मग मलाच कोविड झाला. मी वरच्या बेडरूममध्ये, दार बंद. ताप होताच, पण खरा घोर दादाचा. त्याचा घास आता कोण खाणार? जेवला नाही तर गोळ्या घेणार नाही, गोळ्या नाहीत म्हणजे हॉस्पिटल, आणि तिथे तर सगळेच मास्कवाले. लेकीने मला फोनवर विचारत विचारत कुकर लावला. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. उघडून बघते तर जमिनीवर खिचडीचं ताट, आणि कडेला बोटांनी घास उचललेला.

"कोणी उष्टं केलं हे?" मी ओरडले.

"मामाने," जिन्यातून लेक. "ही वॉज शेकिंग, ममा. तरी खाल्ली."

तिच्या मागून दादाचा आवाज आला, "खा तू. बघ, मला काही झालं नाही."

आई, ज्याला शिताशितात विष दिसतं, त्याने माझ्यासाठी आधी खाऊन बघितलं. मग खाली जाऊन स्वतःचंही ताट संपवलं म्हणे, गोळीसकट.

मी दार लावून जेवले. रडत जेवले, खोटं कशाला सांगू. खिचडीत मीठ नव्हतं.

हे काही कुठे पाठवायचं नाहीये. पण इतकी वर्षं तू त्याचा घास खाल्लास, तुझ्या ताटातला त्याने कधी खाल्ला होता? नाही ना? तेवढ्यासाठीच लिहिलं. तुझ्याही पोटात जरा दुखावं म्हणून.