दाराआडचा स्विच

अहो,

नवं सॉकेट आणू नका. स्वयंपाकघरातलं जुनं जळालेलं न्हाई. वर भाड्यानं राहणाऱ्या मनतशानं क्लासला जायच्या आधी बघितलं. तिचा टेबललॅम्प त्यात लागला न्हाई, मोरीतल्या सॉकेटातबी न्हाई. मग तिनं दाराआडचा सेफ्टी स्विच बघितला, तर तो खाली पडलेला. ही दोनच सॉकेटं त्याच्यावर हायत, म्हणून घरातले दिवे चालू होते. तिनं स्विच वर केला, मिक्सर आणि पाण्याचा रॉड एकेक करून लावून बघितला. पुन्हा पडला न्हाई. कुणीतरी हातानंच पाडला असंल म्हणाली.

काल शेजारी बोअरची गाडी लागली, भांडी वाजली, आणि तुम्ही अंगणात पळालात. जाता जाता पाडला असणार. किल्लारीच्या भूकंपापासून तुमचा हात तिकडंच जातो, तुम्हालाबी कळत न्हाई. असू द्या, मी हसत न्हाई.

अहमदपूरला ताईकडं चालले, उद्या येते. पिठलं झाकून ठेवलंय, भाकरी टोपल्यात हाय.

पुढल्या टायमाला स्विच राहू द्या, आधी मला हाक मारा. मी आतच भाकरी थापत होते.