साळूबाईच्या कुरडया आणि आमची चिमणी

आदरणीय सांडूमामांना सम्यकचा सप्रेम जय भीम.

आम्ही इथं सगळे खुशाल. पिशोरला मामी, गुरंढोरं आणि तुमचं पोट ठणठणीत असेल अशी खात्री आहे. (पोटाची चौकशी मुद्दाम केली आहे.)

मामा, तुमचा भाचा जिंकला. तुम्हाला ठाऊकच आहे, शहराबाहेर दवाखान्यांचा कचरा जाळतात तिथली भट्टी माझ्याकडं आहे. चिमणीचा काळा धूर शेजारच्या वस्तीवर जायचा, आणि लोक फाटकाला कुलूप ठोकायला निघाले होते. म्हणजे माझ्या नोकरीलाच. मग मालकांच्या मागं लागून मी धूर धुवायचं यंत्र बसवून घेतलं. धूर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याच्या फवाऱ्यातून जातो, विषारी वायू पाण्यात विरतात आणि राख खाली बसते (मामी तुमचं धोतर धुतात, तसंच). पण यंत्र सुरू झालं आणि चिमणीतून पूर्वीपेक्षा मोठा पांढरा लोट निघाला. ती निव्वळ पाण्याची वाफ होती, पण वस्तीला हे कोण पटवणार? साळूबाई, जिचं मागच्या उन्हाळ्यातलं सगळं वाळवण आमच्या काजळीनं गेलं होतं, ती वस्ती घेऊन फाटकावर आली. "धूर लई वाढला की रं. वरून पांढरा रंग दिलाय व्हय?" मी मीटरचे आकडे दाखवले, तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाली, "उद्या वाऱ्याच्या अंगाला कुरडया घालते. काळ्या पडल्या तर कुलूप."

दिवसभर मी कुरडयांच्या राखणीला बसलो आणि कावळे हाकलले (त्यांच्या डागाचं खापरही चिमणीवरच फुटलं असतं). संध्याकाळी साळूबाईनं एकेक कुरडई उलटीपालटी करून पाहिली. डाग सापडेना. ती कुलूप पदरात बांधून घरी गेली, आणि चिमणीकडं बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (धुरानं नव्हे.)

तुमचा विजयी भाचा,
सम्यक

ता. क. तुमची भाचेसून सुलेखा म्हणते, खरं ते सगळं लिहा. जाताना साळूबाई म्हणाली, "दिसायला बऱ्या हायेत. आता तळून खाऊन दावा." मालक त्या दिवसापासून पथ्यावर आहेत. मी म्हणालो, कारखान्याच्या माणसाच्या खाण्यावर काय भरवसा, तिऱ्हाईत माणूस पाहिजे.

आणखी एक. तुमचं नाव सांगून बसलोय. रविवारी सगळी वस्ती फाटकावर जमणार आहे, साळूबाई कुलूप घेऊन. येताना घरून काही खाऊन येऊ नका, आणि मामींना यातलं काही सांगू नका.