ताटली रिकामी पाठवू नये

३ एप्रिल, गुरुवार

पोचले, आणि खूश आहे. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण निवृत्तीनंतर मला स्वस्थ बसता येईल यावर माझ्या भाचीचा विश्वास नव्हता. दक्षिण इटलीतल्या तोर्रेसाल्वाचं जुनं गाव समुद्रात घुसलेल्या खडकावर आहे. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या खिडक्यांतल्या बायका एकमेकींच्या पातेल्यात मीठ टाकू शकतील. भिंतींना ताजा चुना, तटाच्या फटींतून रानबडीशेप, आणि वर पाकोळी पक्ष्यांचा असा गोंगाट, की माझ्या शाळेची मधली सुट्टी आठवावी.

घर गल्लीच्या टोकाला आहे. दोन खोल्या, समुद्रावर उघडणारी खिडकी, आणि मोठं स्वयंपाकघर. त्यात जुनी दगडी चूल, गॅसची शेगडी, टेबल, दोन खुर्च्या. घरमालक कोझिमो, पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, गल्लीच्या तोंडाशीच किल्ली माझ्या हातात कोंबून परत फिरला. बाईमाणसाचं सामान आत आणून द्यावं एवढं सौजन्य नाही. मी तसं सुनावलं. गुडघे दुखतात म्हणाला. जाताना मात्र जवळजवळ पळत गेला.

बॅग उघडते न उघडते तोच शेजारीण आली. आद्दोलोराता नाव, वय माझ्याएवढं, कपडे काळे. झाकलेल्या खोल ताटलीत कोंबडीचा रस्सा, त्यात बारीक शेवया, आणि किटलीभर कॉफी. प्रवासाने दमले असेन, आज चुलीच्या नादी लागू नये, एवढंच बोलली आणि टेबलावर सगळं मांडून गेली. रस्सा उत्तम होता. सगळा संपवला.

माझी आई दक्षिणेतलीच. शेजारची ताटली रिकामी परत पाठवू नये, हे तिने आम्हा भावंडांना चापट्या मारून शिकवलं. घरून, उत्तरेतल्या तोरिनोहून, चॉकलेटच्या वड्या आणल्या होत्या. ताटली धुऊन, पुसून त्या तिच्यात रचून ठेवल्या आहेत.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी ताटली दिली. आद्दोलोराता दारात फळीवर कानाच्या आकाराचा पास्ता वळत बसली होती. भरलेली ताटली पाहून तिचे हात थांबले. हे तुम्हाला करायला कुणी सांगितलं का, असं तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरात असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. तिने छातीवर क्रूस काढला आणि माझ्या हाताचं चुंबन घेतलं. शेजारच्या फळ्यांवरच्या बायकाही उठून उभ्या राहिल्या. वड्यांचं एवढं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही.

दुपारचं जेवण दुसऱ्या घरातून आलं, संध्याकाळचं तिसऱ्या. बाकल्याच्या, म्हणजे मोठ्या वालांसारख्या दाण्यांचं घोटलेलं वरण आणि रानातली कडू भाजी, वर ऑलिव्हचं तेल. तटावरून लांब चक्कर मारली. झोप छान लागली. भाचीला कळवायला हवं.

६ एप्रिल, रविवार

जेवण अजून येतंच आहे. पाहुणचारालाही मर्यादा असते. आज मी बाजारातून आर्टिचोक आणि अंडी आणली, तर आद्दोलोरातानं पिशवी हातातून काढूनच घेतली. म्हणाली, "पोरी, तुझ्या घरात इतक्यात चूल पेटायची नाही."

सत्तरी गाठत आलेल्या मुख्याध्यापिकेला "पोरी"! आणि परवापर्यंत "तुम्ही" म्हणत होती.

गल्लीतून जाताना पुरुष टोप्या काढतात. न्हाव्याने मला पाहून दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. घरी आले तर आरशावर चादर घातलेली. हे कुणी माझ्या परवानगीवाचून आत येऊन केलं होतं. मी सरळ आद्दोलोरातासमोर जाऊन उभी राहिले आणि वर्गात विचारते तसं विचारलं.

तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. या घरात शरद ऋतूत कोझिमोची मावशी, नुंत्सियाता, वारली. भाच्याचं आणि तिचं भांडण होतं. ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, शेजारी जेवण पोचवतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण कोझिमोने शेजाऱ्यांच्या ताटल्या उंबऱ्यावरून परत फिरवल्या, आणि त्याच दिवशी, त्याच स्वयंपाकघरात, स्वतःच्या हाताने मासा तळून खाल्ला. म्हातारीसाठी कुणी बसलं नाही, कुणी रडलं नाही. जिच्यासाठी कुणी रडत नाही ती उठून जात नाही. ती टेबलाशी बसून राहते.

तेव्हापासून या घरात जो भाडेकरू येतो त्याला गल्ली जेवण पाठवते. सगळ्यांनी ताटल्या धुऊन रिकाम्या परत केल्या. "आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही," ती म्हणाली. "पण शोकाची ताटली भरून परत करतं ते घरचंच माणूस. तू भरलीस. आता येत्या शुक्रवारी, ताटलीला आठवडा झाला की, तू तिच्यासाठी रडशील. मग ती सुटेल."

आणि मी? मी विचारलं.

ती फळीवरचं पीठ झाडत म्हणाली, की एक उठली की तिच्या जागी दुसरी बसते, घर कधी रिकामं राहत नाही.

मी हसले. शोकाचं जेवण मलाही ठाऊक आहे. पण ते मयताच्या घरी नेतात, सुट्टीवर आलेल्या बाईच्या घरी नाही! आरशावरची ती सुतकाची चादर काढून घडी केली आणि तिच्या हातात दिली. ठणकावून सांगितलं, की मी आजवर शेकडो पोरांचं खोटं रडणं थांबवलं आहे, माझ्याकडून रडण्याची अपेक्षा ठेवू नका. बायका आपसात हसल्या. एक म्हणाली, अगदी नुंत्सियातासारखीच तोंडाळ आहे.

७ एप्रिल, सोमवार

निघून जाणं सोपं होतं. गेले नाही. कुणी घाबरवलं म्हणून बॅग भरणाऱ्यांतली मी नाही. दुपारी सगळं गाव निजलेलं असताना स्वयंपाकघरात चमचा ठेवल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. भिंतीकडची खुर्ची टेबलापासून मागे सरलेली होती, आणि बसायची जागा कोमट.

ऊन येतं त्या बाजूने, असं म्हणता आलं असतं. त्या बाजूने ऊन येत नाही.

खुर्ची उचलून बाहेरच्या खोलीत नेली. शेजारणीच्या किटलीतली कॉफी प्यायला परत गेले तर खुर्ची पुन्हा टेबलाशी. मग मीच तिच्यावर बसले, चांगली तासभर, कोपरं टेबलावर टेकून. बघू कोण उठवतं. मावशीला असं कुणी बसलेलं खपत नाही, तिचा खोकला

हे काय लिहिलं मी? माझी मावशी नव्हे. घरमालकाची मावशी. आणि तिला खोकला होता हे मला कुणीही सांगितलेलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आज निघाले. हट्टालाही अक्कल असावी लागते. बॅग घेऊन वेशीपर्यंत गेले. समोर बस उभी होती. तेवढ्यात वाटलं, खिडकी उघडी राहिली आहे. परत आले. खिडकी बंद होती. पुन्हा गेले. वेशीत वाटलं, मावशीला पाणी ठेवलं नाही. पुन्हा गेले. पुन्हा आले. प्रत्येक वेळी कारण अगदी शहाण्या माणसाचं वाटत होतं. घरात शिरल्यावर कळायचं, की ते कारण माझं नव्हतंच.

चौथ्यांदा वेशीत कोझिमो भेटला. नजर चुकवत होता. मी त्याची कॉलर धरली. तो बडबडला, की बाई, मी काही फसवलं नाही, तुम्ही विचारलं नाहीत. आणि ती कुणाच्या तरी गळ्यात पडायचीच, माझ्याऐवजी तुमच्या. मी तिथेच, वेशीसमोरच्या भर चौकात, त्याच्या थोबाडीत दिली. बरं वाटलं.

त्याने मग एक उपयोगाची गोष्ट सांगितली. त्या घरात चूल पेटवून स्वतः रांधून खाल्लं की नातं तुटतं. त्याने तेच केलं होतं. पण रडायच्या आत करायला हवं. एकदा रडलं की संपलं.

मग मी तेच करीन. सुटले की या चौकात उभी राहून गावाला सगळं सांगेन, म्हणजे पुढच्या भाडेकरूसाठी कुणी रस्सा शिजवणार नाही.

९ एप्रिल, बुधवार

गॅसचा सिलिंडर बायकांनी उचलून नेला आहे. तटाखालून ऑलिव्हच्या छाटलेल्या फांद्या गोळा केल्या. दगडी चूल आहे की. काडेपेटी पिठाच्या डब्यामागच्या कोनाड्यात होती. सरळ हात घातला आणि काढली.

कोनाडा आहे हे मला कसं ठाऊक?

फांद्या धुमसतात, पेटत नाहीत. आपोआप विझत नाहीत, कुणीतरी फुंकतं. गालावर वारा लागतो. त्याला बडीशेपेचा वास येतो — ती जेवणानंतर चघळायची — नाही. ठाऊक नाही मला ती काय चघळायची.

दारात ताटल्या येऊन पडल्या आहेत. भुकेने जीव जातो आहे. एकीलाही हात लावलेला नाही. बाहेरून गोड आवाजात हाका — पोरी, खा गं, असं उपाशी राहून कसं चालेल. मी आतूनच ओरडले, की तुमचा रस्सा अळणी आहे. बाहेर कुणीतरी ताटली खणकन आपटली. एवढं मात्र त्यांना लागलं.

१० एप्रिल, गुरुवार

अंगावर काळा झगा आहे. माझा नाही. कधी घातला — काढला. चुलीत घातला. कोरडा कपडा चांगला पेटायला हवा. नाही पेटला.

ती बसते. आता लपतही नाही. टेबलाच्या पलीकडे, हात मांडीवर. मी तिच्याकडे बघत नाही. तिला ते आवडत नाही. न आवडो.

मोठ्याने पाढे म्हणते. शाळेतल्या मुलींची नावं म्हणते. मध्येच त्यांत या गल्लीतली नावं येतात. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. घसा बसला आहे. तरी म्हणते.

११ एप्रिल, शुक्रवार

पेटली! खुर्ची मोडली आणि पेटली. तिचीच खुर्ची. दगडावर आपटली, पाय सुटे झाले, आणि धडाधड पेटली. ती आता उभी आहे. उभी राहू दे.

पाणी ठेवलं. दोन अंडी, रविवारी पिशवीत मावली नाहीत म्हणून दुसऱ्या हातातल्या टोपलीत राहिलेली. उकडायला किती वेळ लागतो. खाल्ली की झालं. दाराला टेबल लावलं आहे. वही मांडीवर.

बाहेर बायका जमल्या. एकीने मयतावरचं रडगाणं सुरू केलं — तो लांब, चिरका सूर. मग दुसरी. सगळी गल्ली. हलकटपणा आहे हा. मला ओढून नेण्यासाठी. मी दात आवळले आहेत. मला कुणाचंही वाईट वाटत नाही. कोण होती ती माझी. कुणी नाही. एकटी मेली, खोकत, पाणीसुद्धा — कुणी नव्हतं जवळ — मला त्याचं काय.

पाण्याला बुडबुडे आले.

ती जवळ आली आहे. माझ्या खांद्यामागे. वाचते आहे वाटतं. वाच, बाई. शुद्धलेखन तपासून घे. मी तुझी नाही. ऐकतेस? तुझी नाही.

उकळी आली. आणखी थोडंच —

कागदावर थेंब पडला. वाफ असेल. शाई पसरली. दुसरा पडला. छपराला ओल आहे. इथून तिथून सगळी जुनी घरं अशीच. मी रडत नाही, हे माझ्या अक्षरात लिहून ठेवते. कुणीही काहीही सांगो, मी रडत ना