बाई, तुम्हीपण खाली बघा

प्रिय ठमे,

भुवईचे टाके वाळत आले असतील. खाज सुटेल; हात लावू नकोस. मामाकडे नीट जेव, आणि मामीच्या स्वयंपाकघरात लुडबुड करू नकोस, तिला ती खपत नाही.

बदली शिक्षिका मिळेपर्यंत तुझा वर्ग सांभाळा, अशी तुझ्या मुख्याध्यापिकेने मला गळ घातली. निवृत्त माणूस रिकामाच असतो असं सगळ्यांना वाटतं. गेले. दारातून आत पाऊल टाकलं आणि सवयीने मागच्या बाकापासून पुढच्यापर्यंत नजर फिरवली. वर्ग चिडीचूप. छडी मी कधी हातात धरली नाही; डोळे वटारले की भागायचं. शिक्षकांच्या खोलीत मी म्हणालेसुद्धा, "आमच्या पोरीने उगाच हाय खाल्ली."

काल भागाकार चालला होता. तुमची ती तोफ, जिच्या कंपासपेटीने तुझी भुवई फोडली, फळ्यापाशी होती. उत्तर चुकलं, मी पुसायला सांगितलं. तिने डस्टर जमिनीवर आपटलं. मी डोळे वटारले. तिने खडूचं खोकं उचललं.

मला वाटलं, आता गलका होणार. पण खिडकीजवळच्या मुलीने नुसती खिडकी उघडली, दाराजवळच्याने दार. बाकी सगळ्यांनी वह्या उघडून माना खाली घातल्या. कुणी फिदीफिदी हसलं नाही, कुणी चोरून पाहिलं नाही. तुला लागलं त्या दिवशी तिला हसला होता तो नवा मुलगासुद्धा वहीत नाक खुपसून बसला होता. तिच्यावर रोखलेले डोळे उरले ते फक्त माझे. पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची चिमुरडी मान वर न करता कुजबुजली, "बाई, तुम्हीपण खाली बघा ना. आमच्या बाई म्हणतात, सगळे बघत राहिले की तिला थांबता येत नाही."

ठमे, मी खाली बघितलं. भर वर्गासमोर उभी राहून स्वतःच्या चपलांकडे! कुणी डोकावलं असतं तर म्हातारीला घेरी आली म्हणून पाणी आणलं असतं. पेन्सिली चालत होत्या. मग खोकं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग नाक ओढल्याचा. मग खडूचा. मी मान वर केली तेव्हा ती भागाकार पुन्हा मांडत होती आणि खिडकीजवळची मुलगी खिडकी हळूच लावून घेत होती.

माझा वर्ग शांत असायचा, पण मी पाणी प्यायला गेले की तिथे बाजार भरायचा. माझी शिस्त माझ्याबरोबरच दाराबाहेर पडायची. तुझी मात्र तू गावात नसतानाही तिथे बाकांवर बसलेली आहे. हे तू कसं केलंस, मला खरंच कळत नाही. आलीस की सांग. या वयातही शिकेन.

जाताना तू राजीनामा माझ्या हाती दिलास, 'देऊन टाक' म्हणालीस. तो मी दिलेला नाही. पर्समध्येच होता, सोबत परत पाठवते आहे. द्यायचाच असेल तर स्वतः येऊन दे, आणि मुख्याध्यापिकेच्या खोलीत नाही, त्या मुलांसमोर उभी राहून दे. आज शाळा सुटताना तोफ माझ्याजवळ घुटमळली. "आमच्या बाईंचं अजून दुखतंय का?" असं विचारताना तिची मान खाली होती. म्हणून मीही माझी खाली घातली, आणि तिचं रडून होईपर्यंत वर केली नाही.

तुझीच,
बदलीवर आलेली आई