पाटील, का. (मुलाखत, २०२५)

सोमवार, २४ मार्च २०२५

सुजयने संदर्भसूचीत लिहिलंय — 'गुगल'. बस्स. खाली पान रिकामं. वर्गात विचारलं, गुगलने हे तुला कधी सांगितलं? म्हणाला, "जेवल्यावर, सर." वर्ग हसला. मीही हसलो, मग चिडलो, मग फळ्यावर पुन्हा तेच लिहिलं: कोण म्हणालं, कधी, कुठे. आडनाव आधी, मग नावाचं आद्याक्षर, मग तारीख. आणि त्याखाली — स्वतःचा अनुभव हा संदर्भ होत नाही. दोन रेघा ओढल्या.

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची पोरं. जूनपासून हीच कुणाला तरी शिकवणार. शुक्रवारी सगळ्यांचे अहवाल बाहेरच्या परीक्षकांकडे जायचेत आणि अर्ध्यांना अजून प्रकाशक आणि छापखाना यातला फरक कळत नाही.

रोह्याहून पेणला येईपर्यंत एसटीत उभा. घरी आल्यावर हे सगळं अनिताला ऐकवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तीस वर्षं 'विश्वसनीय सूत्रांकडून समजते' म्हणत पेपर भरलात. आता पोरांकडे सूत्रांची नावं मागताय!"

मी तिच्या पुढ्यातली भाजी निवडायला घेतली. 

मंगळवार, २५ मार्च

निशिगंधाचा अहवाल वाचला. हा मात्र खराखुरा!

मुलगी खारेपाटातली, पेण तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. शिकण्यासाठी रोह्याजवळ वरशाला मावशीकडे राहते. विषय — मिठागराच्या हंगामात शाळेची हजेरी का घसरते. स्वतः घरोघर हिंडली आहे. एक वाक्य तर डोक्यातून जात नाही. काशीबाई पाटील नावाच्या बाईंचं: "शालेची घंटा बांधावर आयकू येते. ती वाजली का पोर कामात चुकतंय. मंग त्याला पल्याडच्या बांधाला धाडायचा, तिथं घंटा येत नाय."

तीस वर्षांत असं वाक्य मला एकाही वार्ताहराने आणून दिलं नाही.

पण सूची! 'काशीबाई — वडाखालची.' 'काशीबाई — गिरणीजवळची.' 'काशीबाई — थोरली.' 'काशीबाई — बांधावरची.' 'जनू — होडीवाला.' ही काय संदर्भसूची झाली? बोलावून सांगितलं, आडनाव आधी, आद्याक्षर, तारीख. ती घुटमळली. "सर, आमच्यात सगळेच पाटील हायत."

म्हटलं, असू देत. नियम पाटलांनाही लागू आहे. शुक्रवारच्या आत दुरुस्त करून दे.

ती अजून काही बोलणार होती. मी घड्याळ पाहिलं.

शुक्रवार, २८ मार्च

सगळे अहवाल गेले. वेळेत. सुजयच्या सूचीत आता सात पुस्तकं आहेत. त्यातलं एकही त्याने पाहिलेलं नाही, हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे.

काम संपलं की मला झोप छान लागते. आज लागत नाही. उगाच.

शनिवार, ५ एप्रिल

प्राचार्य मॅडमचा फोन. परीक्षक दिनानाथ सरांनी एक अहवाल लाल शेरा मारून परत पाठवलाय. निशिगंधाचा!

शेरा वाचून दाखवला. "'पाटील, का. (मुलाखत, १९ जानेवारी २०२५)' ही नोंद चार वेळा. 'पाटील, ज.' तीन वेळा. एकाच दिवशी एकाच व्यक्तीच्या मुलाखती वेगवेगळ्या दाखवून संख्या फुगवली आहे. विद्यार्थिनीचे आडनावही पाटील. घरातल्या घरात बनवलेले संदर्भ. शून्य गुण."

मी म्हटलं, मॅडम, त्या चार वेगळ्या बायका आहेत. मॅडम म्हणाल्या, कागदावर तर एकच दिसते. कागदावर एकच दिसते, कारण मी तशी दाखवायला लावली! तिच्या सूचीत चौघी चार होत्या. वडाखालची ती वडाखालची होती. मी नियम लावला आणि चौघींची एक करून टाकली.

शुक्रवारी समिती बसणार. तोवर प्रत्येकीचं पूर्ण नाव आणि सही आणायची. नाही जमलं तर वर्ष गेलं. वरशाच्या एका शाळेने तिला जूनपासून घ्यायचं कबूल केलंय, निकालाच्या अटीवर. तीही जागा गेली.

तिला फोन केला. रडेल असं वाटलं होतं. नाही रडली. "सही आणायला तुम्ही येणार, सर?" एवढंच विचारलं. आणि थांबली.

रविवार, ६ एप्रिल

काही वाचवत नाही. तळ्याला फेरी मारून आलो. परत गेलो. अनिता म्हणाली, एक काय ते करा, आत या नाहीतर बाहेर राहा.

मंगळवार, ८ एप्रिल

खारेपाटात गेलो. निशिगंधा पेणच्या स्टँडवर भेटली, तिथून रिक्षाने.

गाव मजेत होतं. माझ्या एका चुकीमुळे, चार काशीबाईंची एक झाली म्हणून, सगळ्यांना हसायला विषय मिळाला होता. पहिल्याच ओटीवर एक म्हातारी म्हणाली, "कंची काशीबाय पायजे? आमी चार हाव. येक गेली, नायतर पाच!" होडीवाले जनू म्हणाले, आमच्यात पोस्टमनसुद्धा चपलेवरून घर ओळखतो, तुमचे परीक्षक शिकलेले कुठे? वडाखालच्या काशीबाईंनी सही केली, आणि मला शंका नको म्हणून स्वतःहून आधार कार्ड काढून दाखवलं. गिरणीजवळच्या काशीबाई मिठागरावरून आल्या होत्या, पायाला मीठ तसंच. थोरल्या काशीबाईंनी मुलाखत पुन्हा द्यायला सुरुवात केली. थांबवता थांबवता पुरेवाट.

निशिगंधाची आई मालूताई बरोबर होत्या. बोलतात कमी. चहा देताना म्हणाल्या, "पोर खोटा लिव्हायची नाय, सर."

उन्हं चढली. उरल्या चौथ्या काशीबाई. गावाच्या टोकाला, बांधाला लागून घर. निशिगंधा म्हणाली, त्यांच्याकडे नंतर जाऊ. ऊन फार आहे. मी म्हटलं, आलोच आहोत तर आजच. मला काम अर्धं सोडता येत नाही. ही माझी खोडच.

काशीबाई ओटीवर जाळं शिवत बसलेल्या. एकट्याच असतात, मुलं कामाला कामोठ्याला. मी अहवाल उघडला आणि ते वाक्य वाचून दाखवलं, घंटेचं. अभिमानाने वाचलं! त्यांनी सुई थांबवली. निशिगंधाकडे बघितलं, मालूताईंकडे बघितलं.

"मना कोनी काय इचारला नाय," म्हणाल्या. "ही पोर माज्याकडं आलीच नाय."

मला वाटलं, विसरल्या असतील. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मागे बघितलं तर मालूताई घराकडे चालू लागल्या होत्या. निशिगंधा उभी. तिने मान वर केली नाही.

रिक्षाने पेणला परतलो. खिशात वही होती, पेन होतं. मी काही टिपून घेतलं नाही. सुचलंच नाही.

बुधवार, ९ एप्रिल

सकाळीच निशिगंधा घरी आली. अनिताने पोहे पुढे ठेवले, तिने हात लावला नाही. सरळ बोलायला लागली.

पल्याडच्या बांधाला जिला धाडायचे ती हीच. सहावीत असताना. दोन हंगाम. ते वाक्य मालूताईंचं. शेजारणीला सांगत होत्या, हिने ऐकलं. काही रागाने नाही, घरातली सोय सांगतात तशा सांगत होत्या.

"मग आईचं नाव का नाही टाकलंस?"

"पाटील, मा. कोण, हे सगळं गाव ओळखेल, सर. तिने मला पुढं बी.एड.पर्यंत शिकवलंय. आणि मी तिलाच पोरीला शाळेतून काढणारी म्हणून छापू?"

"स्वतःचं म्हणून लिहायचं होतंस."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच फळ्यावर लिहिलंत. दोन रेघा मारल्यात."

रेघा मारल्या होत्या खऱ्या.

म्हणजे असं — दुसऱ्याचं आपलं म्हणून खपवणारे मी आयुष्यभर पकडले. ही पहिली, जिने आपलं दुसऱ्याच्या नावावर टाकलं. आणि का? तर काशीबाईंचं बोलणं पुरावा ठरतं, आणि स्वतः भोगलेलं ठरत नाही म्हणून.

ती म्हणाली, समितीपुढे खरं सांगते. मी म्हटलं, विचार कर, तिघींच्या सह्या आहेत, चौथीची ओळ गाळली तरी शेरा मागे घेतील. बोललो खरं, पण तोंड कडू झालं. ती म्हणाली, "ओळ गाळली तर अहवालात राहिलं काय, सर?"

ती गेल्यावर अनिता म्हणाली, तिचं तिला बोलू द्या. तुमची कात्री आता पुरे.

गुरुवार, १० एप्रिल

सुट्टी. दिवसभर कपाट आवरलं. होतं तसंच पुन्हा लावलं.

शुक्रवार, ११ एप्रिल

समिती. प्राचार्य मॅडम, दोन प्राध्यापक, दिनानाथ सर स्वतः पनवेलहून आलेले. माणूस वाईट नाही. चार काशीबाईंचं ऐकून मोकळेपणाने हसले, म्हणाले, आमच्याकडे गल्लीत सहा जोशी आहेत, मला आधी कळायला हवं होतं. तिघींच्या सह्या पाहिल्या. तिन्ही जनूंच्या पाहिल्या. मॅडमनी विचारलं, चौथी?

निशिगंधा उभी राहिली. सगळं सांगितलं. वाक्य आईचं, अनुभव माझा, काशीबाईंचं नाव मी उसनं घेतलं. शब्द एकही गिळला नाही. म्हणाली, "शून्य द्या, सर. पण ते वाक्य माझ्या नावावर करा."

दिनानाथ सर चष्मा पुसत बसले.

इतक्यात शिपाई आत आला. बाहेर कुणी बाई आल्यात, काशीबाई पाटील म्हणतात. चौथ्या! एसटी बदलून पेणहून रोह्याला आलेल्या, डोक्यावरून पदर घट्ट. मागे दारात मालूताई.

काशीबाई टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "ता वाक्य माजाच हाय. त्या दिशी मी इसरले व्हते. कुठं सही करू?"

निशिगंधा म्हणाली, काकी, नको. काशीबाईंनी तिच्याकडे बघितलंच नाही. "तू गप गो. मोठी शानी झालीस."

सही केली. मोठ्या अक्षरात, ओळीबाहेर जात.

मॅडमनी दोघींना विचारलं, कुणाचं खरं मानायचं? मग मला विचारलं. मी उठलो आणि सांगितलं: मंगळवारी माझ्यासमोर काशीबाई म्हणाल्या होत्या, पोर आलीच नाही. निशिगंधा खरं बोलतेय.

"तसं लिहून घेतलंत का, सर?" मॅडमनी विचारलं.

नाही.

"आणखी कोणी ऐकलं?"

दारात मालूताई होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. त्या पायरीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी तिथं नव्हते, सर. मी घराकडं गेलेले."

घराकडे गेल्या होत्या, ते मात्र खरं होतं.

बाहेर आल्यावर काशीबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, लेकरू शिकलंय ते आईच्या जिवावर, त्यात आईची बदनामी कशाला हवी? माझं काय, मला तर पोरंच विचारत नाहीत, मी वाईट ठरले तर कोणाचं बिघडलं? मग उसाच्या रसाच्या गाडीशी दोघी उभ्या राहिल्या. मालूताईंनी तिसरा पेला मागवला. निशिगंधा रस्त्याच्या पलीकडे, वरशाच्या रिक्षाची वाट बघत. ती इकडे आली नाही.

पेला तसाच गाडीवर राहिला.

शनिवार, १२ एप्रिल

निकाल नाही. फोन जवळ ठेवून बसलो.

सोमवार, १४ एप्रिल

नाही.

बुधवार, १६ एप्रिल

समितीचा निर्णय आला. काशीबाईंची सही असल्याने संदर्भ ग्राह्य, शेरा मागे, निशिगंधा उत्तीर्ण. आणि खाली — विद्यार्थिनीने तोंडी केलेल्या निवेदनाला कोणताही आधार नाही, सबब अमान्य.

वाचून दाखवलं तिला फोनवर. अभिनंदन म्हणालो, मूर्खासारखा.

तिने शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "म्हणजे सर, मी त्या बांधावर नव्हतेच?"