माझी फाइल, त्याचं पान

३ मार्च

विसरलास ना? काल एवढा घसा कोरडा करून सांगितलं आणि आज विचारलं तर म्हणतोस, "नवीन नोंद सुरू करा." वा रे कागदा! घरात सगळे म्हणतात, म्हातारीला आठवत नाही. खरा विसरभोळा तू! लाल ठिपका दाबायचा माझ्याकडूनच राहिला होता म्हणे. म्हणे!

बरं, परत सांगते. मला अक्षर येत नाही. नातीने, म्हणजे मुलीच्या मुलीने, फोनमध्ये सोय करून दिलीय. मी बोलायचं, तू लिहायचं, मी म्हटलं की वाचून दाखवायचं. माझं सगळं बोलणं एकाच फाइलीत पडतं. फाइल माझी. इथे दुसऱ्या कुणाचं काम नाही.

तिनेच घराची विकी काढलीय. विकी म्हणजे घरातल्या प्रत्येकाचं एकेक पान. घरातल्या कुणीही उघडावं, कुणीही भर घालावी. आमच्या ह्यांच्या पानावर मोठ्या मुलाने लिहिलंय, "बाबांनी एकट्याच्या बळावर लाँड्री उभी केली. आईने साथ दिली."

साथ दिली! साथ गाणाऱ्याला देतात. मी काउंटरवर उभी होते, पेटी वाजवत नव्हते.

४ मार्च

राग उतरलेला नाही. बरंय. रागात असले की गुडघे दुखत नाहीत.

६ मार्च

मोठ्याला फोन लावला. म्हटलं, लाँड्री कशी चालली ते मी सांगते, तेवढं पानावर घाल.

"सांग ना आई. मी नीट करून घालतो."

नीट म्हणजे?

"म्हणजे... वाचणाऱ्याला बरं वाटेल असं."

सांगितलं सगळं. संध्याकाळी पान वाचून घेतलं. एवढ्या बोलण्याचं एक वाक्य उरलेलं — "या वाटचालीत आईचाही मोलाचा वाटा होता." गिऱ्हाइकाचा स्वेटर आटला तर लोक दारात येऊन भांडायचे. माझं अख्खं बोलणं याने आटवलं, मी कुणाच्या दारात जाऊ?

नातीच्या! ती हसायलाच लागली. "आजी, मामाला काही देऊच नकोस. तुझं तुझ्या फाइलीत राहू दे. मी पानात नुसती एक ओळ टाकते, फाइलीचा पत्ता. पान उघडलं की तुझी फाइल तिथे दिसेल. मामाला वाचता येईल, तिच्यात हात घालता येणार नाही."

"दुकानाच्या काचेसारखं? शर्ट आत, बघणारे रस्त्यावर?"

"अगदी तस्सं!"

"आणि मी आतला शर्ट बदलला तर?"

"तर बाहेरून बदललेलाच दिसेल."

असली काच आयुष्यभर कुठे लपली होती, बाई?

७ मार्च

आता हे पानासाठी. नीट लिही, आपल्या मनाचं घालू नकोस.

दुकान ह्यांनी उघडलं, हे खरं. पाटी लावली, दोन इस्त्र्या आणल्या. आणि पहिल्याच महिन्यात एका वकिलाचा काळा कोट जाळला. पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा! घाबरले आणि बहिणीकडे पळाले. चिठ्ठी नाही, निरोप नाही. ऋतू पालटला तरी परत येईनात.

शटर मी उघडलं. कोट घेऊन वकिलाच्या घरी गेले. तो ओरडला, मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "झालं असेल तर पुढच्या आठवड्याचे कपडे द्या." तो बघतच राहिला. पण दिले हो!

हे परत आले तेव्हा दाराशी उभे. म्हणाले, "आत येऊ?" म्हटलं, "इस्त्री गरम आहे, या." तेव्हापासून हे पडद्यामागे, मी काउंटरवर. त्यांच्या हाताची घडी गावात कुणाला जमली नाही. कुणी मालक विचारला तर आतून ओरडायचे, "मालक बाहेर उभ्या आहेत, त्यांच्याशी बोला!" मरेपर्यंत हेच. लाज नाही वाटली त्यांना. मग मुलाला कसली वाटते?

९ मार्च

नातीने ओळ टाकली, म्हणाली, लाँड्रीचा तेवढाच तुकडा जोडलाय. पान वाचून घेतलं. लाँड्रीपुरतंच ऐकलं. माझंच बोलणं, खोकल्यासकट म्हटलं तरी चालेल! एक शब्द आटलेला नाही.

१० मार्च

सकाळी मोठ्या मुलाने ती पत्त्याची ओळ काढून टाकली. दुपारी नातीने परत घातली. मग त्याचा मला फोन.

"आई, बाबा पळून गेले, हे पोरांनी वाचायचं?"

"परत आले ते खाली आहे. तिथपर्यंत वाच."

"गेलेल्या माणसाची अब्रू..."

"त्यांची अब्रू मी सांभाळली रे, तू पाळण्यात होतास. आता मला शिकवतोस?"

फोन आपटला. कोणी? मी!

११ मार्च

हे तुझ्यामाझ्यात, कागदा.

मोठा बापावर गेलाय. अवघड दिसलं की पळतो. त्याची नोकरी सुटली होती, तेव्हा रोज डबा घेऊन निघायचा आणि बागेत बाकावर बसून यायचा. दुसरी नोकरी मिळेपर्यंत तोंडातून चकार शब्द नाही. बायकोला अजून पत्ता नाही. मला कळलं, कारण त्याची पँट धुवायला आली तिच्यावर बाकाचा हिरवा रंग होता. ओला असताना बसला वेडा! टर्पेंटाइनने मीच काढला, आणि घडी घालून दिली. विचारलं नाही.

बापाचं पळणं का खुपतं त्याला, ते मला कळतं. पण म्हणून मी माझं बोलणं पुसणार नाही. रुसू दे.

१३ मार्च

सुनेचा फोन. "आई, जेवलात का?" दोनदा विचारलं. काहीतरी शिजतंय.

१४ मार्च

नात रडवेली. "आजी, नुसता लाँड्रीचा तुकडा जोडायचा होता. मी अख्खी फाइल जोडली. तू रोज बोलतेस ते सगळं पानावर दिसतंय. सगळ्यांनी वाचलंय."

"बाकसुद्धा?"

"बाकसुद्धा. आणि मामी म्हणाली, तो हिरवा रंग तिनेही पाहिला होता. तुझ्याकडे पँट तिनेच पाठवली होती."

"आणि तो? ओळ काढली?"

"नाही गं. काल त्याने पानावरून एकच गोष्ट काढली. 'आईने साथ दिली.' आजी, मी काढू का बाकाचं?"

"हात लावलास तर बघ!"

तर मोठ्या, वाचतोयसच तर ऐक. रविवारी ये. यायची लाज वाटत असेल तर नुसते तुझ्या हातचे बटाटे पाठव. भाजलेले, सालासकट, मीठ कमी.